अडतीस, बरं का

परवाना कार्यालयाच्या फॉर्मवर 'दुकान दुसऱ्याच्या नावे करण्याचे कारण' असा रकाना होता आणि त्यापुढे दोनच चौकोन होते: मृत्यू आणि दिवाळखोरी. छोटे मास्तर तो फॉर्म हातात धरून खिडकीसमोर उभे होते, आणि ज्यांच्या नावावरचं शिंप्याचं दुकान आपल्या नावावर करून घ्यायचं ते थोरले मास्तर, म्हणजे त्यांचे वडील, मागच्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"यातलं कोणतं?" खिडकीपलीकडून परवानासाहेबांनी विचारलं.

"कोणतंच नाही. बाबा हे काय, इथेच बसलेत."

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं. थोरल्या मास्तरांनी नाडी सोडून हात वर केला. साहेबांचा चेहरा पडला. "मग घोडं अडलं," ते म्हणाले. "जिवंत माणसाने चालतं दुकान मुलाला द्यायचं, अशी सोय नियमात दिसत नाही."

"सध्या दोन्हींपैकी काही जमण्यासारखं नाही," थोरले मास्तर बाकावरूनच म्हणाले. "तुम्ही म्हणत असाल तर प्रयत्न करून बघतो."

साहेबांना ही थट्टा आहे हे कळलं नाही. आपण वरून खुलासा मागवतो, महिनाभराने या, एवढं सांगून त्यांनी खिडकी लावली.

'छोटे मास्तर' हे नाव छोट्या मास्तरांना मुळीच पसंत नव्हतं. त्रेचाळीस वर्षांच्या, डोक्यावर मोजके केस उरलेल्या माणसाला छोटे म्हणण्यात कौतुक कमी आणि अपमान जास्त, असं त्यांचं मत होतं. अठरा वर्षं ते एका विमा कंपनीच्या कार्यपद्धती सुधारणा विभागात होते. त्या विभागाने कंपनीची कार्यपद्धती इतकी सुधारली, की शेवटी त्या विभागाचीच कुणाला गरज उरली नाही. शिवणकाम त्यांना येत होतं, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी शिलाई मशीनवर काढल्या होत्या. माप घेणं मात्र थोरल्या मास्तरांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्यांच्या गळ्यातली टेप फक्त अंघोळीपुरती उतरायची, आणि तेव्हाही ती न्हाणीघराच्या खुंटीवर डोळ्यांसमोर लटकलेली असायची.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना थोरल्या मास्तरांनी निकाल सांगून टाकला. "खुलासा यायला महिना जाईल. तोवर आई आणि मी ताईकडे जाऊन येतो. महिनाभर दुकान तुझं. परत आल्यावर गिऱ्हाईक टिकलेलं दिसलं तर मी सही करतो, मग कारण म्हणून मृत्यू लिहा नाहीतर काही लिहा. नाही टिकलं, तर चष्मेवाला भिंत पाडायला तयारच आहे."

चष्मेवाला म्हणजे शेजारचा दुकानदार. दोन दुकानांमधली भिंत तो गेली सहा वर्षं नुसत्या नजरेने पाडत होता. भिंत गेली की आपल्याला डोळे तपासायची वेगळी खोली करता येईल, असं तो सगळ्यांना सांगायचा. माणूस वाईट नव्हता. सल्ला देण्याची त्याला खोड होती, आणि सल्ल्याने समोरच्याचं नुकसान झालं तर आपला फायदा होईल अशी नुसती आशा होती.

आता दुकानात माप कसं घेतलं जाई ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राही. मागच्या बाकावर आणखी तीनचार जण वाट बघत बसलेले असत. थोरले मास्तर टेप लावून मोठ्यांदा माप सांगत, आणि पडद्याजवळच्या टेबलाशी बसलेली आई ते वहीत लिहून घेई. थोरल्या मास्तरांची बोलण्याची एक लकब होती. "छाती अडतीस, बरं का. कंबर छत्तीस, बरं का. पाऊस येईल असं दिसतंय, बरं का." संध्याकाळी आई त्या वहीवरून एकेक चिठ्ठी लिहून कटरच्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवी, आणि कटर चिठ्ठीप्रमाणे कापड कापी. कटर तिथे तीस वर्षं होता. आठवड्याला तो साधारण चार वाक्यं बोलत असे, आणि त्यातलं एक "कात्री कुठंय" हे असे.

निघण्याआधीच्या आठवड्यात थोरल्या मास्तरांनी एका मोठ्या कामाची मापं घेऊन ठेवली होती. हौशी गायनमंडळाच्या बारा जणांना वाचनालयाच्या वर्धापनदिनाला गडद निळे कोट घालून गायचं होतं. वर्धापनदिन रविवारी, बरोबर महिन्याच्या शेवटी. मंडळातला सर्वांत जाड आवाज परवानासाहेबांचा होता, त्यामुळे या बारा कोटांवर दुकानाचं नाव, परवाना आणि छोट्या मास्तरांचं पुढचं आयुष्य, सगळंच टांगलेलं होतं.

बॅगा बाहेर निघाल्यावर आईने वही मुलाच्या हाती दिली. "'ब' तेवढे नीट बघ," ती म्हणाली.

"बघतो," छोटे मास्तर म्हणाले. विमा कंपनीत कुणी काहीही सांगितलं तरी हेच म्हणायची पद्धत होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी चिठ्ठ्या बंद केल्या. एकच माप वहीत लिहायचं, तेच पुन्हा चिठ्ठीवर उतरवायचं, हा त्यांच्या हिशेबी दुहेरी खटाटोप होता. त्यांनी घरून संगणक आणला, सगळी मापं त्यात भरायला घेतली, आणि तिथे त्यांना आईने सांगितलेले 'ब' भेटले. '३८ ब'. '३६ ब ब'. काही माणसांपुढे एकही ब नव्हता. परवानासाहेबांच्या छातीपुढे तीन ब होते. संगणकातल्या आकड्यांच्या चौकोनात अक्षर बसेना. लिहिलं की यंत्र लाल होई.

त्यांनी विचार केला. ब म्हणजे बाही? पण बाहीचं माप वेगळं होतं. बटण? एका छातीला तीन बटणं आणि दुसरीला एकही नाही, हे काही पटेना. कटरला विचारलं तर तो "मी चिठ्ठी बघतो, वही नाही" असं म्हणाला, आणि त्या आठवड्यातलं एक वाक्य संपलं. तेवढ्यात चष्मेवाला चहाचा कप घेऊन आत आला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मास्तर मुरलेला माणूस. गिऱ्हाइकांची प्रतवारी केलीय. अ वर्ग, ब वर्ग."

"आणि तीन ब?"

"अगदीच हलकं गिऱ्हाईक."

त्याने वही पुढे ओढून सहज पानं उलटली आणि एके ठिकाणी थबकला. त्याच्या स्वतःच्या विजारीपुढे दोन ब होते. "हे चुकून पडलेत," तो म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

छोट्या मास्तरांना आपल्या वडिलांचं वाईट वाटलं. एवढा गोड बोलणारा माणूस, आणि मनात असली प्रतवारी. हे असं यापुढे चालणार नाही, दुकानात सगळी गिऱ्हाइकं सारखी, असं त्यांनी ठरवलं आणि उदार मनाने सगळे ब काढून टाकले. मग स्वच्छ छापलेला कागद त्यांनी कटरच्या खिळ्याला अडकवला. कटरने तो कागद बराच वेळ वाचला. एकदा छोट्या मास्तरांकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि कात्री उचलली.

तीन आठवडे कसे गेले ते कळलं नाही. शिवण सरळ होती, अस्तर चापूनचोपून बसलं होतं, इस्त्री अशी की कोटाच्या कडेने भाजी चिरता आली असती. शुक्रवारी दुपारी बारा गायक कोट घालून बघायला आले. छोटे मास्तर दारात उभे राहून प्रत्येकाचं स्वागत करत होते, आणि चष्मेवाला भिंतीला टेकून गंमत बघत होता.

पहिले दोघे पुरते मावले. बारीक अंगाचा बासरीवाला तर आरशासमोरून हलायला तयार नव्हता. तिसऱ्याने कोट चढवला, बटण लावलं आणि तो गप्प झाला.

"कसा झालाय?"

"छान," तो बारीक आवाजात म्हणाला. "श्वास घेतला नाही तर छान."

त्यानंतर पुढचे सहा जण एकेक करून तसेच ताठ झाले. कुणाचे हात अंगापासून लांब राहिले होते, कुणाला मान वळवायची तर पायांसकट वळावं लागत होतं. गायनमंडळाचे गुरुजी स्वतः बारीक होते, त्यामुळे त्यांना अडचण कळेना. "चला, एक सूर लावून बघू," ते म्हणाले. कोटातल्या नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सूर लावायला श्वास लागतो ही गोष्ट त्या खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांना इतकी स्पष्ट दिसली.

परवानासाहेबांची बाही चढली, पण कोटाच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींची तोंडं बघायला तयार नव्हत्या.

"दुसऱ्या कुणाचा दिलात," साहेब म्हणाले.

"तुमचाच आहे साहेब. छाती अडतीस."

"अडतीस बरोबर आहे. वीस वर्षं माझी छाती अडतीसच आहे," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मग त्यांना मागे हटता येईना. त्यांनी पोट आत घेतलं. कटरने उजवी बाजू धरली, चष्मेवाल्याने डावी, आणि दोघांनी मिळून बटण घरात घातलं. साहेबांचा रंग हळूहळू कोटाच्या रंगाकडे जाऊ लागला. गुरुजींनी उत्साहाने हात उचलला, सवयीने साहेबांनी 'सा' लावला, आणि बटण सुटून थेट चष्मेवाल्याच्या डाव्या भिंगावर बसलं. भिंगाला मधोमध तडा गेला.

"रविवारी गातोय आम्ही," साहेब कोट काढून ठेवत म्हणाले. "आणि सोमवारी मी कार्यालयात आहे." एवढंच बोलून ते निघाले. हे बोलणं कोटाबद्दल होतं की परवान्याबद्दल, ते विचारायची गरज नव्हती. चष्मेवाल्याने उरलेल्या एका डोळ्याने भिंतीची लांबी पुन्हा एकदा नजरेखालून घातली.

दुकान रिकामं झाल्यावर छोट्या मास्तरांनी ताईकडे फोन लावला. महिनाभर त्यांनी हट्टाने फोन टाळला होता.

"आई, वहीतला 'ब' म्हणजे काय?"

 "तुला ह्यांनी सांगितलं नाही?" आई म्हणाली.

"नाही."

"अहो," आईने फोन न झाकताच हाक मारली, "तुम्ही त्याला 'बरं का' सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं तू सांगितलंस," मागून थोरल्या मास्तरांचा आवाज आला.

"मी आपलं म्हटलं, 'ब' तेवढे बघ. तो म्हणाला बघतो."

"बघितले मी," छोटे मास्तर म्हणाले. "आणि काढून टाकले."

आईने मग सांगितलं. एका 'बरं का'ला दोन इंच. माणूस आरशासमोर उभा असतो, मागे चार ओळखीची माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोर त्याचं पोट कसं जाहीर करायचं? म्हणून त्याला आवडेल तो आकडा बोलायचा आणि खरा आकडा 'बरं का'त भरायचा. वहीतही तसंच लिहायचं, कारण गिऱ्हाईक वहीत डोकावल्याशिवाय राहत नाही. चिठ्ठीवर मात्र बेरीज करून खरं माप. "आणि पाऊस येईल असं दिसतंय, बरं का?" छोट्या मास्तरांनी विचारलं. "ते पण दोन इंच," आई म्हणाली.

फोन ठेवून ते बाकावर बसले. घरी बाबांच्या तोंडात 'बरं का' कधीच नसायचं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. ज्या माणसाला आपण मनातल्या मनात कोता ठरवलं, तो चाळीस वर्षं गावाची पोटं झाकत होता. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यातल्या त्यात बरं इतकंच, की ही लाज कुणाला मोठ्यांदा सांगायची नव्हती.

शनिवारी सकाळच्या गाडीने आईबाबा आले. थोरल्या मास्तरांनी हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, आधी एक कोट उलटा करून शिवण चाचपली. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक शिवणीच्या आत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कापड दडवून ठेवलं होतं. छोट्या मास्तरांनी खडूच्या रेघेवर टीप मारताना ते नेहमीचंच समजून आत घेतलं होतं.

"हे काय?" त्यांनी कटरला विचारलं.

"कागदात लिहिलं तसं आखलं," कटर म्हणाला. "पण गिऱ्हाइकं मलाही दिसतात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" छोटे मास्तर कळवळून म्हणाले.

"कुणी विचारलं नाही. कात्री कुठंय?" त्या आठवड्याची वाक्यं संपली.

कोट उसवून मोठे करता येणार होते, पण त्यासाठी मापं पुन्हा घ्यायला हवी होती. महिनाभर गायनमंडळाच्या तालमींना चहाबरोबर बरंच काही असायचं, त्यामुळे जुन्या मापांवर आता विसंबून चालणार नव्हतं. बाराही जण दुपारी हजर झाले, काही रागावलेले, काही घाबरलेले. थोरल्या मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. ती मुलाच्या गळ्यात घातली, आणि स्वतः मागे जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. आईने वही उघडली.

"आधी सांगा, चुकलं कुठे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या खोलीचं लक्ष छोट्या मास्तरांकडे गेलं. मापं चुकली म्हणावं, तर खरी मापं काय ते सांगावं लागलं असतं. "कापड आटलं," ते म्हणाले.

"न धुताच?" बासरीवाल्याने विचारलं.

"आटतं," साहेब ताबडतोब म्हणाले. "माझ्याकडे तर कपाटातल्या कपाटात आटतं." उरलेल्या बहुतेकांनी जोरजोरात माना डोलावल्या. आपापल्या घरचं आटलेलं कापड प्रत्येकाला आठवलं.

सुरुवात अडखळतच झाली. एकदोन मापं घेतल्यावर छोट्या मास्तरांच्या तोंडून सहज निघून गेलं, "बसा, चहा येतोय, बरं का," आणि आईने बासरीवाल्यापुढे दोन इंच टाकले. त्यांनी घाईघाईने मान हलवली. "तो नुसताच होता," ते पुटपुटले. आईने ब खोडला. पण सातव्या आठव्या माणसापर्यंत त्यांची जीभ वळणावर आली, आणि बाकावरचे थोरले मास्तर डोळे मिटून ऐकू लागले.

शेवटी साहेब आरशासमोर उभे राहिले. छोट्या मास्तरांनी टेप वळवून पुढे आणली आणि आकडा पाहिला. शेहेचाळीस. महिन्याभरात साहेबांनी एक 'बरं का' नवा कमावला होता. आता चार लागणार होते.

"छाती अडतीस, बरं का," छोटे मास्तर म्हणाले. साहेबांनी आरशात बाकावरच्या लोकांकडे पाहिलं.

"तालीम जोरात चाललेली दिसते, बरं का."

"चाललीय," साहेब म्हणाले.

"परवा तुमचा आवाज चौकापर्यंत आला होता, बरं का."

"येणारच." साहेबांची छाती आणखी फुगली. छोट्या मास्तरांना घाम फुटला, कारण आता टेप सत्तेचाळिसाकडे सरकत होती. चौथं काही सुचेना. मागे थोरले मास्तर खोकले.

"आणि कोट निळा आहे, बरं का."

साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "ते दिसतंय मला," ते म्हणाले. आईने चौथा ब लिहिला आणि पान उलटलं.

दिवस मावळेपर्यंत चौघांनी मिळून कोट उसवले आणि पुन्हा शिवले. रविवारी गायनमंडळ काय गायलं, ते छोट्या मास्तरांना आजही सांगता येणार नाही. त्यांनी गाणं ऐकलंच नाही, पूर्ण वेळ ते साहेबांचं मधलं बटण बघत होते. शेवटच्या गाण्यात साहेबांनी एक सूर इतका लांबवला की गुरुजींचा हात हवेत दुखायला लागला, पण बटण जागचं हललं नाही. चष्मेवाला नवं भिंग घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने जवळ येऊन विचारलं, की विजारीचं माप पुन्हा द्यायचं झालं तर दुकानात गर्दी कधी नसते.

सोमवारी दोघे मास्तर फॉर्म घेऊन पुन्हा खिडकीसमोर गेले.

"वरून खुलासा आला का साहेब?"

"वर कशाला जायचं एवढ्यासाठी?" साहेब म्हणाले. "फॉर्म उलटा करा."

फॉर्मच्या मागे तिसरा चौकोन होता: इतर, तपशील द्यावा.

"हा आधी नव्हता का?"

"होता. पण तेव्हा उलटं करण्याची वेळ आली नव्हती," साहेब म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस टेकून बसले. आज ते आरामात श्वास घेत होते.

थोरल्या मास्तरांनी तिथे सही केली नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि दुकानात परतले. छोटे मास्तर मागोमाग आले. गिऱ्हाईक टिकलं होतं, चौकोन सापडला होता, मग आता काय राहिलं?

"मालकी सोडतोय, तर मलाही एक कोट शिवून दे," थोरले मास्तर म्हणाले आणि आरशासमोर जाऊन उभे राहिले. या आरशासमोर त्यांनी आयुष्य काढलं होतं, पण नेहमी गिऱ्हाइकाच्या मागे. समोर ते पहिल्यांदाच उभे होते.

त्यांचं माप सगळ्यांत जुन्या वहीच्या पहिल्या पानावर होतं, दुकान उघडलं त्या दिवशी आईने लिहिलेलं: छाती बेचाळीस. छोट्या मास्तरांनी टेप वळवली. सदऱ्याच्या आत बाबांचे खांदे त्यांना वाटले होते त्यापेक्षा खूप अरुंद लागले. टेप सदतिसावर येऊन थांबली. त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिली. सदतीसच.

आई पेन धरून वाट बघत होती. थोरले मास्तर आरशात समोर बघत होते. वाढलेल्या माणसासाठी 'बरं का' होतं. कमी झालेल्या माणसासाठी या दुकानात अजून काहीच नव्हतं. 

"छाती बेचाळीस," छोटे मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "असो."

 आईने लिहिलं, '४२ अ'. कटरने कात्री खाली ठेवली.

थोरले मास्तर आरशात आणखी थोडे ताठ उभे राहिले. "दोन इंचाला एक असो धरलास तर अडीच होतात," ते म्हणाले. "अर्धा असो कसा म्हणायचा, ते शोधून ठेव."

मग ते आईच्या टेबलाशी जाऊन बसले, खिशातला फॉर्म काढून उलटा केला आणि सही केली. कारणाच्या जागी त्यांनी 'इतर' वर खूण केली, आणि तपशिलात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मुलगा बोलायला लागला.'